आमच्याकडे सोयाबीन खात नाहीत

सौंसरच्या आमच्या घरात सोयाबीन माळ्यावर असतं. मांजरपाटाच्या लहान लहान पिशव्या, प्रत्येकीच्या तोंडाला सुतळी आणि सुतळीला पुठ्ठ्याचा बिल्ला. वर पत्रा आहे. उन्हाळ्यात त्या माळ्यावर हात टेकवत नाही. घरी येणाऱ्यांना वाटतं, शेतावर जागा नाही म्हणून मी कामाचा पसारा घरी आणून ठेवलाय. जागा आहे. मोहगावच्या वाटेवर आमच्या संस्थेचं छोटं केंद्र आहे, तिथे थंड खोलीही आहे आणि तिच्यात बी वर्षानुवर्षं सुखानं झोपतं. पण ज्या बायकांसाठी मी हे बियाणं तयार करते, त्यांच्याकडे थंड खोली नाही. त्या आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात राहतात, एखाद्या एकराच्या तुकड्यावर मका आणि सोयाबीन पेरतात आणि पुढच्या हंगामाचं बी घरातच छपराखाली ठेवतात. सौंसरचा वैशाख आणि आमचा पत्रा मिळून बियाण्याचे जे हाल करतात, त्यातून जे वाचेल ते तिथेही वाचेल, असा माझा हिशेब.

सोयाबीनचं बी मोठं नाजूक. ज्वारी-हरभरा कणगीत पडून राहिला तरी वेळेला उगवतो, सोयाबीन एका उन्हाळ्यात मरून जातं. वरून तसंच पिवळं, गोल, गुळगुळीत दिसतं, आत जीव नसतो. पेरणाऱ्याला कळतं तेव्हा शेत रिकामं असतं आणि पेरणीचे दिवस गेलेले असतात. म्हणून दरसाल माळ्यावरून पिशव्या उतरवायच्या, ज्या जगल्या त्या पेरायच्या, बाकीच्यांवर पाणी सोडायचं. असं करत करत एक वाण हाती लागलं होतं. शेतातल्या ओळीच्या नंबरावरून त्याला आम्ही ‘सतरा’ म्हणायचो. कसाही उन्हाळा जावो, सतराची पिशवी उतरवली की बी जिवंत. नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत आणि एवढ्या वर्षांत माझ्या हातचं असं दुसरं काही नाही. तेव्हा सतरावर माझा जीव होता हे सरळ सांगून टाकते.

लोकांना हे काम समजावताना माझी पंचाईत होते. पांढुर्ण्याच्या बसमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, “आफ्रिकेसाठी? काऊन मॅडम, इथले शेतकरी का वाईट हायेत?” मी म्हटलं, इथल्यांसाठी पुष्कळ जण आहेत. ते म्हणाले, “ते बी खरं हाये. अन् इथं तं आता समदे संत्र्याच्याच मागं लागून राहिले.” मग तिगाव येईपर्यंत ते संत्र्याच्या बहराबद्दल बोलले आणि मी ऐकलं.

आता आमच्या घरातल्या सोयाबीनबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ते सोयाबीन माळ्यावरून कधीही स्वयंपाकघरात आलं नव्हतं. सौंसर-पांढुर्ण्याकडे, मध्य प्रदेशातल्या आमच्या या मराठी पट्ट्यात, सोयाबीन पेरतात, सोंगतात म्हणजे कापतात, काढतात आणि गाडीत घालून विकतात. त्याचं तेल निघतं आणि उरलेली ढेप, म्हणजे पेंड, ढोरांपुढे जाते. दाणा म्हणून ते कोणी शिजवत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, शेतकऱ्याच्या घरात वाढल्या. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, मटकीचे जितके म्हणून प्रकार होतात तितके त्यांना येतात, पण सोयाबीन त्यांच्या लेखी ढोराचं खाणं. दुकानातल्या सोयावड्या आमच्याही भाजीत पडतात. मात्र त्या वड्या शेतातल्या या दाण्यापासून होतात यावर त्यांचा विश्वास नाही. एकदा मी मूठभर दाणे कुकरला लावायला निघाले तर त्यांनी कुकर माझ्या हातून काढून घेतला. “या कुकरमंदी घरचं वरण शिजते,” म्हणाल्या. मलाही फारशी हौस नव्हती. माझं काम पेरण्याचं आणि मोजण्याचं.

मग पाहुणी आली.

ती मलावीतली सोयाबीनची संशोधक, माझ्यासारखीच, वयानं दहा-बारा वर्षांनी लहान. दोन्हीकडच्या संस्थांनी मिळून हा प्रकल्प चालवला होता. त्यांच्या देशी वाणांशी आमच्याकडच्यांचा संकर करायचा, पिढ्या इथे वाढवायच्या आणि शेवटी एक वाण निवडून सरकारी परवान्यांच्या वाटेनं तिकडे पाठवायचं. ते शेवटचं निवडण्यासाठी ती आली. एप्रिलअखेर आली, पाऊस पडून पिकाला फुलं येईपर्यंत राहणार होती. सौंसरात एकटीनं राहण्याजोगी बरी जागा मिळेना, म्हणून मी आमची वरची खोली दिली. आईंना आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

आल्या दिवशी तिनं दोन्ही गुडघे किंचित वाकवून, हात पुढे जोडून आईंना त्यांच्याकडचा नमस्कार केला आणि ‘अगोगो’ म्हणाली. त्यांच्या भाषेत म्हणे म्हातारीला, आजीला तसंच म्हणतात. आई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. “लय वाकते बाप्पा पोरगी,” एवढंच म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात तुपाची धार माझ्यापेक्षा जास्त पडली. तेव्हा आमच्याकडे कुरड्यांचे दिवस होते. गच्चीवर खाटांवर साड्या पसरल्या होत्या. पाहुणी आईंच्या शेजारी बसून सोऱ्या दाबायची आणि तिच्या कुरड्या आईंच्या कुरड्यांपेक्षा गोल यायच्या. आई मराठीखेरीज दुसरी एकही भाषा बोलत नाहीत, पाहुणीला मराठीचा गंध नाही, तरी दोघी दिवसभर बोलत असायच्या. महिनाभरात तिला ‘काऊन’, म्हणजे ‘का’, म्हणता यायला लागलं आणि ती ते कुठेही वापरायची.

माझ्याशी ती इंग्रजीत बोले. स्वभावानं गंभीर, काम चोख. पहिले काही दिवस मला वाटलं, हिला सतरा पसंत पडायला काही हरकत नाही. कागदावर सगळं उत्तम होतं. मग एकदा आम्ही दोघी पांढुर्ण्याला चाललो होतो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून काही कागदांना तिथेच जावं लागतं. बस एका फाटकापाशी बराच वेळ उभी होती आणि तिनं मला आधीच्या वाणाची गोष्ट सांगितली.

ते वाण तिनंच दिलं होतं. तिच्या आईच्या गावाकडच्या बायकांना, स्वतःच्या हातानं, घरोघर जाऊन. पहिल्या वर्षी पीक भरघोस आलं. बायकांनी त्यातलंच बी राखलं, छपराखाली ठेवलं आणि पुढच्या पावसाला पेरलं. ते उगवलं नाही. एकीचंही नाही. ती गावात गेली तेव्हा तिला वाटलं, आता शिव्या पडतील. कोणी काही बोललं नाही. तिच्यासाठी घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर आणली, तिला बसवलं आणि वाडग्यात लापशी दिली. त्यांच्याकडे मक्याच्या पिठात सोयाबीनचं पीठ घालून लापशी करतात, लहान मुलांना सकाळी तीच देतात. तिला दिलेली लापशी नुसत्या मक्याची होती.

“मी ती संपवली,” ती म्हणाली. “आता पुन्हा त्याच घरांत जायचं आहे. या वेळी चुकलं तर त्या सोयाबीन पेरणार नाहीत. मीही मग त्यांना पेरा म्हणू शकणार नाही.”

बस सुरू झाली. मी तिला सांगितलं की सतरा मरत नाही. हे सांगताना मला मनापासून बरं वाटत होतं.

पेरणीच्या आधी बियाण्याची परीक्षा आम्ही इथल्या पद्धतीनंच घेतो. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीला ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याच्या आत उलगडलं की मोड आलेले दिसतात. त्या वर्षी मागच्या ओट्यावर अशा गुंडाळ्यांची रांग लागली होती. ज्यांच्यातून शेवटची निवड होणार होती त्या दोन वाणांच्या गुंडाळ्या आम्ही शेवटी उघडल्या. एक सतरा आणि दुसरं चार नंबरचं. चार नंबरचे निम्मे दाणे कुजून गेले होते, वास येत होता. सतराच्या गोणपाटावर मोडांची पांढरी रांग उभी होती. मी पाहुणीकडे पाहिलं, तिनं कौतुकानं काहीतरी म्हणावं म्हणून.

ती वाकून मोडांच्या मधले दाणे बघत होती. काही दाण्यांना मोड आले नव्हते. ते कुजलेही नव्हते. इतके दिवस ओल्या गोणपाटात राहून ते जसेच्या तसे, कोरडे असावेत तसे, गोल आणि चकचकीत होते. तिनं त्यातले दोन-तीन उचलले, नखानं दाबले आणि विचारलं, “हे?”

मी म्हटलं, ते टणक दाणे. त्यांचं साल पाणी आत घेत नाही. आत जीव असतो, जरा उशिरानं का होईना, जमिनीत उगवतातच. आमच्या नियमाप्रमाणे ते जिवंतांतच धरायचे. आणि हेही सांगितलं की साल टणक आहे म्हणून तर ते उन्हाळ्यात टिकतं. तिला हे सगळं माहीत होतंच, तिच्याकडचा नियमही तोच होता. ती दाणे तळहातावर फिरवत राहिली.

“भांड्यात यांचं काय होतं?” तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत सतराचं तेल किती, प्रथिनं किती, शेंगा किती, झाड किती उंच, हे सगळं नोंदलं होतं. ते शिजवून कोणी पाहिलं नव्हतं. केंद्रावरचे आम्ही सगळे याच भागातले, सगळ्यांच्या घरी सोयाबीन विकायचं पीक. शिजवून पाहावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि दुसरी गोष्ट तेव्हाच, त्या ओट्यावर बसल्या बसल्या, माझ्या लक्षात आली. मी दरसाल माळ्यावरून जगलेलं बी तेवढं निवडत होते. टिकतं टणक ते. म्हणजे दरसाल मी जास्त जास्त टणक दाणाच निवडत आले होते, डोळ्यांत तेल घालून.

शिजवायचं ठरलं, पण कशात? कुकर मिळणार नव्हता आणि पाहुणीलाही तो नको होता. तिच्या बायकांकडे कुकर नाहीत, लाकडं आहेत आणि तीही लांबून आणावी लागतात. मग मी बाजारातून ॲल्युमिनियमचे दोन गंज, म्हणजे उभी पातेली, आणले, अगदी सारखे, आणि मागच्या अंगणातली चूल पेटवली. हिवाळ्यात त्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापतं, उन्हाळ्यात कुरड्यांचा चीक शिजतो. आईंनी आधीच जाहीर केलं होतं की त्या या भानगडीत पडणार नाहीत. खुर्ची मात्र त्यांनी चुलीपाशीच आणून टाकली.

पाहुणीनं त्यांच्याकडच्यासारखंच केलं. दोन्ही वाणांचे दाणे आदल्या दिवशी भिजवले, सकाळी हातानं चोळून सालं काढली आणि शिजवायला ठेवले. शिजले की वाळवायचे आणि कुटून पीठ करायचं. चोळतानाच फरक कळत होता. चार नंबरची सालं पाण्यावर तरंगून आली. सतराचीही आली, बहुतेक दाण्यांची, पण हाताला मधूनच खडे लागत होते. शिजताना चार नंबर लवकर मऊ झालं. सतरा शिजत राहिलं, लाकडं सरत राहिली, आणि आईंना राहवेना. त्या उठल्या, पळीनं थोडे दाणे काढले, फुंकून बोटांनी चेपून पाहिले. एक चेपला, दुसरा चेपला, तिसरा बोटांतून निसटून अंगणात उडाला.

“गणंग हायेत याच्यात,” आई म्हणाल्या. “लय हायेत.”

मटकीच्या उसळीत एखादा दाणा शिजता शिजत नाही आणि नेमका दाताखाली येतो, त्याला आमच्याकडे गणंग म्हणतात. पाहुणीनं मला अर्थ विचारला. मी सांगितला. तिनं मान हलवली आणि गंज उतरवला. दुपारी वाळवून, दुसऱ्या दिवशी तिनं ते खलबत्त्यात कुटलं. पीठ झालं, त्यात कच निघाली. चाळलं तर चाळणीत जाडंभरडं उरलं. आईंनी बोटावर घेऊन चाखलं आणि वळचणीला थुंकल्या. लहान मुलाच्या तोंडात हे जाणार होतं.

मला राग आला, आणि आला तो पाहुणीचाच. इतक्या लांबून येऊन, माझ्या घरी राहून, हिनं माझ्या सतराला बाद ठरवावं! मी तिला म्हटलं, यावर उपाय आहे. आमच्याकडे हरभरे तापलेल्या वाळूत भाजून फुटाणे करतात. तसं भाजलं की कितीही टणक दाणा तडकतो. मग दळा, कुटा, काय हवं ते करा. तुझ्या बायकांना एवढं सांगायचं की आधी भिजवू नका, आधी भाजा. वाळू, कढई, झालं. मी पांढुर्ण्याच्या बाजारातून फुटाणेवाल्याकडून सतराचे मूठभर दाणे भाजून आणले आणि तिच्यापुढे ठेवले. चांगले लागत होते, खरंच.

तिनं ते खाल्ले. मग म्हणाली, “तुमच्या आईंना सांगा की उद्यापासून वरणाच्या कुकरमध्ये सोयाबीन लावायचं. त्यांनी ऐकलं की मी माझ्या बायकांना भाजायला सांगते.”

आत आई कुकर घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

त्यानंतर काही दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. नागपूरहून साहेबांचा, म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुखांचा, फोन आला. त्यांनी विचारलं, उगवण नियमात बसते ना? मी म्हटलं, बसते. उत्पन्न? चांगलं. तेल? चांगलं. मग अडलं कुठे, पाठवून द्या, म्हणाले. शिजत नाही म्हटल्यावर त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं आणि मग ते हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. तेही इथलेच.

पाहुणीच्या कार्यालयातूनही तेच विचारत होते. तिनं सतरा नेलं असतं तर तिला कोणी बोल लावला नसता, सगळे कागद तिच्या बाजूनं होते. उलट रिकाम्या हातानं गेली तर एवढ्या दूर जाऊन केलं काय, असं विचारणारे पुष्कळ. मी एकदा, मनाचा हिय्या करून, तिला हे बोलून दाखवलं. ती वरच्या खोलीत कपडे घडी करत होती.

“चार नंबर शिजतं पण मरतं,” ती म्हणाली. “सतरा जगतं पण शिजत नाही. पहिल्यासारखं वाण मी त्यांना एकदा दिलं आहे. दुसरं दिलं तर त्या दाणे भिजवतील, चोळतील, लाकडं जाळतील, मुलाला भरवतील आणि मूल थुंकेल. मग त्या मला पुन्हा खुर्ची देतील. मला ती खुर्ची नको आहे.”

त्या संध्याकाळी मी साहेबांना फोन करून सांगितलं की सतरा पाठवू नये असं माझं मत आहे. माझंच वाण, माझंच मत. त्यांनी दोनदा विचारलं, नीट विचार केला ना? मी केला होता. बोलून झाल्यावर मात्र मी जाऊन माळ्याखाली उभी राहिले. मला फार वाईट वाटलं. घरात कोणी बघत नव्हतं, तेवढ्यात पदरानं डोळे पुसून घेतले.

पाऊस पडला, पेरणी झाली. सतरा आणि चार आम्ही शेजारी शेजारी पेरले, दोघांचा संकर करायला, म्हणजे एकाचं टिकणं आणि दुसऱ्याचं शिजणं एका दाण्यात येईल. ऑगस्टमध्ये फुलं आली. सोयाबीनचं फूल अगदी बारीक असतं, ज्वारीच्या दाण्याएवढी कळी. ती उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, आतले केसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. बहुतेक वेळा कळी गळून पडते. मान मोडते, डोळे दुखतात. पाहुणी रोज सकाळी केंद्रावर जायची आणि चिखलात स्टूल टाकून बसायची. मला वाटलं होतं ती नाराज असेल, पण त्या दिवसांत ती गुणगुणायची. आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात; तिला ती बघायची होती. आईंनी साफ नाही म्हटलं. “गोटा लागला तं तिच्या मायले मी काय सांगू?” तिनं मला विचारलं, “काऊन?” आणि मी आईंचं म्हणणं सांगितलं तेव्हा ती उठून आईंच्या शेजारी जाऊन बसली.

ती गेली तेव्हा तिच्या बॅगेत कुरड्या होत्या, संत्र्याची बर्फी होती, एक सोऱ्या होता. बी नव्हतं. नागपूरला विमानतळावर सोडायला मी गेले. आई ओट्यावरून हलल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत पाहुणी काच खाली करून मागे बघत होती.

संकराच्या ज्या थोड्या शेंगा धरल्या त्यांचं बी मी पेरलं, त्याचं पुन्हा पेरलं. गेल्या खरिपात हाती आलेली झाडं सगळी वेगवेगळी होती. कुठलं सतरावर गेलेलं, कुठलं चारवर, कुठलं दोघांवरही नाही. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पिशवीत माळ्यावर गेलं आणि उन्हाळा काढून उतरलं. या वेळी गोणपाटाच्या बरोबरीनं मी वाट्याही मांडल्या. प्रत्येक पिशवीतले थोडे दाणे एकेका वाटीत भिजत घातले. घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर आल्या, हळदीकुंकवाला मिळालेल्यासुद्धा, आणि आमच्या यजमानांना कोशिंबीर ताटातच घ्यावी लागली. ते पांढुर्ण्याला शिक्षक आहेत, सहन करण्याची सवय आहे.

वाट्या तपासायला आई बसल्या. मी सांगितलं नव्हतं, पाहुणीच्या खुर्चीची गोष्ट तेवढी एकदा सांगितली होती. त्या म्हणाल्या, तुझी बोटं कामाची नाहीत, तुला सगळं मऊच लागतं. एकेक वाटी जवळ ओढायची, दाणे चिमटीत चोळायचे, खडा लागला की वाटी उजवीकडे सारायची. उजवीकडे रांग वाढत होती. ज्यांचे दाणे भिजले होते, नेमके त्याच पिशव्यांचे गोणपाटात कुजलेले निघत होते. शेवटी दोन्हीकडे तगलेली एकच वाटी उरली. गोणपाटात तिचे मोड भरगच्च आले होते. आईंनी चिमटीत घेतले ते सगळे दाणे दबले. आणखी घेतले, तेही दबले. त्यांनी ती वाटी एका लहान पातेल्यात ओतली आणि स्वतः उठून गॅसवर ठेवली. आमच्या स्वयंपाकघरात, घरच्या पातेल्यात. मी काही म्हटलं नाही, म्हटलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं.

शिजल्यावर त्यांनी ते ताटलीत पसरलं आणि बोटानं एकेक दाणा चेपत गेल्या. मी मनातल्या मनात पाहुणीला फोनवर काय सांगायचं ते जुळवत होते. ताटली संपत आली तेव्हा त्यांचं बोट थांबलं. त्यांनी दोन दाणे बाजूला काढून माझ्यापुढे सरकवले.

“हायेत,” म्हणाल्या.

“आई, दोनच आहेत. एवढं चालतं.”

“तुले चालते.” त्यांनी ते दोन दाणे पुन्हा दाबून पाहिले. “त्या बायाईनं तिले अजून एकदा खुर्ची देली तं ती पोरगी मरून जाईन. अजून नाही द्याचं. एक साल अजून पेर.”

मी म्हटलं, एक साल म्हणजे आणखी एक उन्हाळा माळ्यावर.

“मंग जाऊ दे वर,” त्या म्हणाल्या. त्यांनी ताटली धुतली, पदराला हात पुसले आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढत माळ्याखाली आणलं. “हे इथंच राहू दे. सोंगणी झाली का पिशवी आण. चढजो तू, मी धरून राहीन.”